सही नसलेला गणपती

सनशाइन, मेलबर्न
४ ऑक्टोबर २०२१

दादा,

नमस्कार नाही, विनंती नाही. विशेष मात्र आहे.

तुझी ईमेल मिळाली. 'आदरणीय वासंतीताई' ही सुरुवात वाचून मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची माझ्याकडे आली. सख्ख्या धाकट्या बहिणीला ताई म्हणायची वेळ माणसावर मंडळाचा अध्यक्ष झाल्यावरच येत असावी. आठ वर्षांत तुझ्याकडून आलेल्या या पहिल्या चार ओळी, आणि त्याही अख्ख्या कमिटीला सीसी करून! मी उत्तर कागदावर देते आहे, कारण कागद सीसी करता येत नाही. वहिनीला मात्र वाचून दाखव.

तुला काय हवंय ते मी दोनदा वाचलं. लॉकडाउन उठला की दिवाळीत ट्रुगानिनाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. काउन्सिलच्या कुणी बाई येणार. त्यांच्या हस्ते गेल्या वर्षीच्या गणपतीच्या चित्राचं अनावरण. ते चित्र माझ्या दुकानात आहे, तर मी ते 'उत्तमपैकी फ्रेम करून' द्यावं. आणि दिवाळी अंकासाठी चित्रकाराचा 'जीवन व कारकीर्द' असा दीडशे शब्दांचा परिचय लिहावा, 'शक्यतो पॉझिटिव्ह'.

गेल्या वर्षी तो जिवंत होता. तेव्हा तुमच्यातल्या एकालाही त्याचं जीवन किंवा कारकीर्द विचारावीशी वाटली नाही. या ऑगस्टमध्ये तो गेला. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती आणि आम्ही चार होतो, त्यातले दोघं शववाहिकेबरोबर आलेले. मंडळातर्फे फूलही आलं नाही. मग सप्टेंबरमध्ये सिटीतल्या एका गॅलरीने त्याची पाच चित्रं ऑनलाइन लावली, पेपरात अर्धं पान आलं, आणि तुम्हाला एकदम आठवलं की अरे, हा तर आपला माणूस. 'आपल्या कम्युनिटीने घडवलेला कलाकार' असं लिहिलं आहेस तू.

पहिली गोष्ट, त्याचं नाव ऑरेल बेलिझेर. तुझ्या ईमेलमध्ये तीनदा 'मिस्टर ओरल' आहे. घडवलेल्या कलाकाराचं निदान नाव तरी पाठ करायचं होतंस.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. तू लिहितोस, 'भाषणात मी सोंडेचा गमतीदार किस्सा सांगणार आहे. परदेशी कलाकाराने आधी सोंड चुकीच्या बाजूला काढली आणि आपण त्याला कसं समजावून दुरुस्त करून घेतलं.' तो किस्सा सांगू नकोस. तीनशे माणसं हसतील आणि ज्याला हसतील तो उत्तर द्यायला नाही. कारण विचारू नकोस, फक्त सांगू नकोस.

चित्र द्यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

कळलं तर बरं. लोभ ठेवायची सक्ती नाही.

वासंती
प्रोप्रायटर
(इथे फ्रेमचे चारही कोपरे काटकोनात मिळतात)


९ ऑक्टोबर २०२१

दादा,

तुझं उत्तर आलं. 'कॅरेक्टर स्केच थोडक्यात पाठव, किस्स्याचं नंतर बघू.' बघू म्हणजे सांगणार, हे मला तू पाचवीत होतास तेव्हापासून माहीत आहे.

तर घे जीवन. दीडशे शब्दांत मावत नाही. तुझ्या भाषणात तेवढे शब्द नुसते हॉलवाल्यांचे आभार मानण्यात जातात.

ऑरेलचा जन्म हैतीतल्या जाकमेल नावाच्या गावाचा. समुद्रकाठचं गाव. हैती म्हणजे ताहिती नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण वहिनीने मला फोनवर 'हनिमूनला जातात तेच ना?' असं विचारलं होतं. तिचा राग नाही. तिने विचारलं तरी. अकराव्या वर्षी तो एका कारखान्यात लागला. कारखाना चित्रांचा. बोटीतून उतरणाऱ्या टुरिस्टांसाठी तिथे हैतीची अस्सल चित्रं तयार होत. भिंतीला वीस हार्डबोर्ड ओळीने लावलेले असत. एक माणूस विसांवर आकाश रंगवत जाई, त्याच्यामागून दुसरा झाडं, तिसरा बायका आणि डोक्यावरच्या टोपल्या. ऑरेलकडे आधी पानं होती. हात बसल्यावर त्याला जिराफ दिले.

हैतीत जिराफ नाही. पण गोऱ्या गिऱ्हाइकाला जंगल हवं असे, आणि जंगल म्हटलं की त्याला जिराफ लागे. ऑरेलने सोळा वर्षं जिराफ काढले, न बघता. संध्याकाळी मालक येई, एक बारीक ब्रश मागून घेई आणि वीसच्या वीस बोर्डांवर स्वतःची सही करून जाई. 'त्याच्या शर्टाला कधी रंग लागला नाही,' असं ऑरेल सांगायचा. त्या मालकाचं आणि तुमच्या कमिटीचं चांगलं जमलं असतं.

पुढे तो बसगाड्या रंगवत होता. तिकडे आलेल्या एका ऑस्ट्रेलियन नर्सशी त्याने लग्न केलं आणि चौऱ्याण्णव साली मेलबर्नला आला. लग्न दोन वर्षं टिकलं. आल्यापासून चौदा वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांना रंगाचा स्प्रे मारला, बहुतेक वेळा मास्कशिवाय, कारण मास्क एकच होता आणि तो फोरमनकडे होता. फुप्फुसं तिथे गेली. दोन हजार नऊला तो माझ्या दुकानात हार्डबोर्डचे उरलेले तुकडे मागायला आला. मी म्हटलं, तुकडे घे, पण चित्रांभोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट कापायला मदत कर. तो बारा वर्षं राहिला. सकाळी माझं काम, जेवणानंतर मागच्या शेडमध्ये त्याचं. कारखान्याची सवय सुटली नव्हती. पाच बोर्ड एकदम लावायचा आणि पाचांमधल्या निळ्या जागा आधी भरायचा. मी हसायचे. त्याला राग यायचा नाही.

एका रविवारी मी त्याला वेरिबीच्या झूमध्ये नेलं. जिराफासमोर तो तासभर उभा राहिला. जिराफाने पानं खायला जीभ बाहेर काढली तेव्हा हा ओरडलाच. जीभ काळी होती. 'सिक्स्टीन यर्स आय मेक इट पिंक, वासंती,' म्हणाला. 'मालकाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, विकत घेणाऱ्यालाही नव्हतं.' घरी येईपर्यंत गाडीत बोलला नाही. त्यानंतर त्याने जी गोष्ट स्वतः नीट पाहिली नाही ती काढली नाही. सनशाइन स्टेशनचा जिना, भाजी विकणाऱ्या व्हिएतनामी बायका, हार्डवेअरच्या दुकानामागचा कारपार्क. त्यातलीच ती पेपरात आलेली पाच चित्रं.

सही मात्र कधी केली नाही. मी किती वेळा मागे लागले. म्हणायचा, सही हे मालकाचं काम आहे, माझं रंगवायचं.

झालं जीवन. कारकीर्द यातच आली. आता तूच कापून दीडशे कर, कापाकापी तुला जमते.

वासंती


१५ ऑक्टोबर २०२१, दसरा

दादा,

तुला सोनं द्यायला मी येऊ शकत नाही आणि बोलावलं तरी आले नसते, तेव्हा ते राहू दे.

तुझी ईमेल पुन्हा सीसीसकट आली. 'जिराफाचा भाग अनावश्यक वाटतो. आजारपण टाळावे. किस्सा ठेवण्यावर कमिटीचे एकमत आहे, प्रोग्रॅममध्ये एक लाइट मोमेंट हवी.' एकमत! तुमच्या कमिटीचं पोह्यात शेंगदाणे घालण्यावर एकमत होत नाही, आणि मेलेल्या माणसाची टिंगल करण्यावर झालं.

मग आता ऐक, आणि ही लाइट मोमेंट कुणाची आहे ते बघ.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पेणहून येणाऱ्या मूर्तींचा कंटेनर अडकला. झूमवर गणपती बसवायचा आणि मूर्तीच नाही. तेव्हा वहिनीने मला फोन केला, की चित्र मिळेल का. आठ वर्षांत मंडळाकडून मला आलेलं ते एकमेव काम. ऑरेलला मी गणपतीचं कॅलेंडर दाखवलं, ते त्याने बाजूला ठेवलं. 'कुणी पाहून काढलंय हे?' असं विचारलं. मग मी आईचा चांदीचा गणपती काढून दिला. हो, तोच, जो हरवला असं तू समजतोस. तो त्याने तीन दिवस तळहातावर घेऊन फिरवून फिरवून पाहिला. एक दात का मोडलाय, उंदीर वर का बघतो, दोरा कुठल्या खांद्यावरून जातो आणि का. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मी पुण्याला मावशीला फोन करून विचारत होते. तुमच्या अख्ख्या मंडळाने गेल्या वीस वर्षांत गणपतीकडे इतकं निरखून पाहिलं नसेल.

चित्र झालं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, त्यामुळे तुमच्यापैकी कुणी बघायला येऊ शकत नव्हतं. फोटो गेला आणि तुमच्या ग्रुपवर आग लागली. वहिनीने मला सगळं फॉरवर्ड केलं, मी ते अजून ठेवलंय. 'सोंड उजवीकडे!!' 'उजव्या सोंडेचा कडक असतो, सोवळं कोण पाळणार?' 'आमच्याकडे बेबी ड्यू आहे, प्लीज रिस्क नको.' पॉइंट कुकच्या एका गृहस्थाचे सासरे फोटो आला त्याच दिवशी सांगलीत बाथरूममध्ये घसरले होते, त्याचाही संबंध लागला. आणि शेवटी, तेही वहिनीमार्फतच, तुझं इंग्रजी पत्र, की कलाकार वेगळ्या संस्कृतीचा असल्याने त्याला आपल्या भावना कळणार नाहीत, तरी कृपया सोंड रेक्टिफाय करावी.

दादा, सोंड डावीकडेच होती. गणपतीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे, मोदकाकडे, आईच्या गणपतीसारखी. फोटो उलटा होता. तो सेल्फीच्या कॅमेऱ्याने निघाला होता, आणि काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह होते. एवढंच झालं होतं.

तुमच्या ग्रुपवर दोनशे कुटुंबं. निम्मे आयटीत, दिवसभर स्क्रीनकडेच बघून पोट भरणारे. मुंजी झालेले कितीतरी. त्या फोटोत गणपतीचं जानवं उजव्या खांद्यावर दिसत होतं. अपसव्य. श्राद्धाला करतात तसं. एकालाही दिसलं नाही. दिसलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, की थांबा, सगळंच कसं उलटं आहे? पण तुम्ही सोंड बघितलीत आणि घाबरलात. आणि बिचाऱ्याने सही केली असती, तर तीही उलटी दिसली असती आणि शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सही नव्हती.

पुढचं तुला माहीत नाही. त्याने सोंड घासून काढली आणि दुसऱ्या बाजूला रंगवली. तुम्हाला दुसरा फोटो आला, तोही तसाच उलटा. त्यात सोंड तुम्हाला हवी तशी डावीकडे. 'आता कसा प्रसन्न दिसतो!' हे तुझे शब्द. मग दहा दिवस तुम्ही स्क्रीनवर तो फोटो लावून आरत्या म्हटल्यात, अपसव्य जानव्याच्या गणपतीसमोर. आणि खरं चित्र माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभं आहे. त्यात सोंड आता खरोखरच उजवीकडे आहे.

ते तुला हॉलमध्ये लावायचंय. काउन्सिलच्या बाईंनी पडदा ओढला की तीनशे माणसांना दिसेल उजव्या सोंडेचा गणपती, आणि शेजारी माइक हातात घेऊन तू, आम्ही कसं सुधारून घेतलं ते सांगताना. सांग किस्सा. खुशाल सांग.

वासंती


२२ ऑक्टोबर २०२१

दादा,

काल मध्यरात्री लॉकडाउन उठला. समोरच्या न्हाव्याकडे सकाळपासून रांग आहे. माझं दुकान उघडायला अजून आठवडा आहे, तेव्हा लिहायला वेळ आहे.

तुझं उत्तर आलं. सीसी नाही, आदरणीय नाही. दोन ओळी. 'वासू, फोटो कुणी काढला होता? आणि उलटा आहे हे तुला कधी कळलं?'

तू इंजिनियर आहेस हे मी विसरून गेले होते. मागच्या पत्रात मी 'फोटो गेला', 'फोटो निघाला' असं लिहीत राहिले, ते तू बरोबर पकडलंस. तुझ्याबद्दल मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडा आदर वाटला आणि त्याच वेळी तुझा रागही आला.

फोटो मी काढला. माझ्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याची काच फुटली होती, दुकानं बंद, म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने. आधी गंमत म्हणून आम्हा दोघांसकट काढला, मग आम्हाला कापून तुम्हाला पाठवला. आमचे चेहरे असते तर कदाचित मलाच आधी कळलं असतं. माझा तीळ उजव्या गालावर आहे.

आणि कळलं कधी? त्याच दुपारी.

तुझं ते रेक्टिफायचं पत्र मी ऑरेलला वाचून दाखवलं. दुकानात आरशाचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक उचलून त्याने चित्रासमोर धरला आणि शेजारी माझा फोन. 'सेम,' म्हणाला. मग हसला. त्याला वाटलं, प्रश्न सुटला. 'कॉल युवर ब्रदर. फोर मिनिट्स.'

तुझा नंबर माझ्याकडे होता. चार मिनिटांचं काम होतं. मी फोन केला नाही.

का केला नाही ते तुला माहीत आहे, पण एकदा लिहून टाकते. दोन हजार तेरा. माझा आणि उल्हासचा घटस्फोट झाला तेव्हा तू त्याला कमिटीवर ठेवलंस, कारण साउंड सिस्टिम त्याची होती. आणि मला फोन करून म्हणालास, 'काही दिवस कार्यक्रमांना येऊ नकोस, लोकांना ऑक्वर्ड होतं.' ते काही दिवस अजून संपले नाहीत. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही आणि माझी त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. तुला तुच्छ समजणं मला चांगलं जमलं होतं.

त्या दुपारी मला वाटलं, फोन केला तर तू म्हणशील, 'अगं हो का, थँक्स,' आणि संपेल. त्यापेक्षा चुकू दे त्यांना. सोंड फिरवायची, दुसरा फोटो पुन्हा तसाच उलटा काढायचा, आणि ज्या गणपतीला ते घाबरतात तोच त्यांच्या नावाने तयार करून ठेवायचा. दहा दिवस घरात बसून हसायचं. म्हणून मी ऑरेलला म्हटलं, फिरव.

तो म्हणाला, 'बट इट इज करेक्ट. आय लुक्ड थ्री डेज.'

मी म्हटलं, गिऱ्हाईक सांगतं ते करायचं. तुला काय करायचंय?

हे मी म्हणाले, दादा. ज्याला काळ्या जिभेपायी गाडीत बोलवेना, त्याला मी असं म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो बघण्याचा प्रकार मला नवीन होता; सोळा वर्षं मालकाकडे तसंच बघितलं असेल त्याने. मग त्याने पॉलिशपेपर आणला. नऊ दिवस लागले त्याला. त्याला दम लागत होता, दर दहा मिनिटांनी स्टुलावर बसायचा, शेडभर निळी-राखाडी पूड. मी मास्क दिला होता. मास्क दिला हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

सोंड झाल्यावर मी विचारलं, जानव्याचं काय, फोटोत ते उलटंच दिसणार? तो म्हणाला, 'दे डिड नॉट ऑर्डर द थ्रेड.' दुसरा फोटो गेला. मी कॅमेरा बंद करून, वहिनीच्या लिंकवरून तुमच्या आरत्या बघितल्या. पोट धरून हसले. शेडमध्ये जाऊन ऑरेलला सांगितलं, तो हसला नाही. ब्रश धुऊन ठेवत होता.

त्यानंतर त्याने नवीन बोर्ड लावला नाही. मी विचारलं की 'टायर्ड' म्हणायचा. नोव्हेंबरमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं. ते चित्र शेवटचं ठरलं. फुप्फुसं गाड्यांच्या रंगाने गेली हे खरं आहे, डॉक्टरांनीच सांगितलं. नऊ दिवसांची पूडही खरी आहे, ती मी डॉक्टरांना सांगितली नाही.

मी तुला कारखान्याच्या मालकाची उपमा दिली होती, ती परत घेते. त्या मालकाने त्याची सही चोरली, पण बरोबर काढलेलं चित्र पुसायला कधी लावलं नाही. ते मी केलं. तुमची अक्कल गहाण पडली होती हे अजूनही माझं मत आहे. पण तुम्हाला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. मला स्वतःची शिसारी येते, आणि त्यावर तू काही समजुतीचं लिहू नकोस.

चित्राला फ्रेम केली आहे. काच बसवलेली नाही. बाजूने उजेड पडला की पुसलेल्या सोंडेचा उंचवटा दिसतो, मोदकापर्यंत जाणारा. ती जागा त्याने पुरती घासली नाही; का, ते मी विचारलं नाही. हॉलमध्ये लावशील तर खिडकीच्या बाजूला लाव.

कुरिअरने पाठवणार नाही. तू स्वतः ये. ट्रुगानिनाहून वीस मिनिटं लागतात, आता बंदी नाही. आईचा गणपतीही बघून जा.

आणि किस्सा सांग. तू म्हणतोस तो नाही, सोबत परिचय जोडला आहे तो वाचून दाखव, एक शब्द न कापता. अंकातही तोच छाप. लोक हसतील तेव्हा त्यांना मी दिसायला हवी, म्हणून मी येते आहे. पहिल्या रांगेत बसेन. कुणाला ऑक्वर्ड झालं तर होऊ दे.

वासू


(दिवाळी अंकासाठी)

ऑरेल बेलिझेर, चित्रकार. जन्म १९५८, जाकमेल, हैती. मृत्यू २०२१, मेलबर्न. सोळा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या सहीखाली न पाहिलेले जिराफ काढले, चौदा वर्षं गाड्या रंगवल्या, आणि मग सनशाइनमध्ये जे स्वतः नीट पाहिलं तेवढंच काढलं.

मंडळासाठी त्यांनी काढलेला गणपती डाव्या सोंडेचा होता. तो काढण्यापूर्वी त्यांनी तीन दिवस मूर्ती हातात घेऊन पाहिली होती. त्यांची काही चूक झाली नव्हती. फोटो उलटा होता. तो मी काढला होता. उलटा आहे हे त्यांनी मला त्याच दिवशी दाखवलं, तरी सोंड पुसून फिरवायला मी त्यांना लावलं, कारण मला माझ्या भावाला फोन करायचा नव्हता. हे त्यांचं शेवटचं चित्र.

ऑरेल बेलिझेर कुठल्याच चित्रावर सही करत नसत. याही चित्रावर त्यांची सही नाही. चुकीखाली माझी आहे.

वासंती खांबेटे